नात्याच्या रकान्यात ओयासान

घर बघायला आलेल्या माणसाला ओयासान घर नंतर दाखवत, आधी आग लावून देत. जिन्याखाली उभं करायचे, हनुवटी वर करून वाऱ्याचा रोख बघायचे आणि विचारायचे, "समजा, आत्ता या घडीला शेजारी आग लागली. घंटा वाजतेय. हात दोनच आहेत. काय उचलाल?"

मी म्हटलं, "लॅपटॉप."

त्यांनी माझ्याकडे एकवार नीट पाहिलं. माझा पेपर तपासून झाल्यासारखे माझ्या बायकोकडे वळले. तिला तेव्हा जपानी येत नव्हतं. मी प्रश्न मराठीत सांगितला. तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही. ती म्हणाली, "देव. आईंनी दिलेले. अजून काय उचलणार?" आमचे देव म्हणजे मुठीत मावतील एवढे, एक गणपती, एक अन्नपूर्णा आणि एक बाळकृष्ण. मी ते हातानं माप दाखवून समजावून सांगितलं.

"बरोबर," ओयासान म्हणाले. "आमच्याकडेही आधी पूर्वजांच्या नावाच्या पाट्या उचलायचे. घर काय, पुन्हा बांधता येतं." आणि त्यांनी किल्ली बायकोच्या हातात दिली. माझ्या नाही. घर आम्ही अजून पाहिलंही नव्हतं.

पाहिलं नसतं तरी आम्ही घेतलंच असतं. पुण्याच्या कंपनीनं मला तीन वर्षांसाठी जपानच्या राजधानीत पाठवलं होतं आणि त्यातले पहिले तीन महिने घर शोधण्यात गेले होते. एजंट लोक फार गोड. चहा द्यायचे, घराचा नकाशा समोर ठेवायचे, मालकाला फोन लावायचे. मग फोन खाली ठेवून दातांमधून हवा आत ओढायचे, मान कलती करायचे आणि म्हणायचे, "जरा..." त्या 'जरा'च्या पुढे वाक्य नसतं. परदेशी माणूस नको, फोडणीचा वास नको, हे सगळं त्या हवेतच आलं. तीन महिन्यांत असं अकरा वेळा झालं. मी विसरलो असतो, पण बायको मोजत होती.

शेवटी ऑफिसातल्या एका चेन्नईच्या मित्रानं सांगितलं की निशी-कसाईला, स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर, एक म्हातारा सुतार आहे, तो कुणालाही घर देतो, फक्त परीक्षा घेतो. त्या मित्रानं आगीच्या प्रश्नाला 'आजीची चटई' असं उत्तर दिलं होतं आणि तो पास झाला होता. मला हे आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं!

सगळीकडे दहा-दहा मजली इमारती आणि मध्येच ही दुमजली लाकडी चाळ. खाली तीन खोल्या, वर तीन, बाहेरून लोखंडी जिना. ती ओयासाननी स्वतः बांधली होती, तरुणपणी. खालच्या पहिल्या खोलीत ते एकटे राहत. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. अंगात कायम निळं सुती जाकीट, कमरेला टॉवेल, छातीच्या खिशात घडीची लाकडी पट्टी. जपानीत चाळ सांभाळणाऱ्याला, भाडं घेणाऱ्याला ओयासान म्हणतात. त्यांना आडनाव होतं, पण ते आमच्यापैकी कुणी कधी वापरलं नाही. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील, तरी घरात त्यांचा विषय निघाला की आम्ही ओयासानच म्हणतो.

ते मात्र आम्हाला नावानं हाक मारत नसत. गावाच्या नावानं मारत. मी पुणेसान, माझा मित्र चेन्नईसान, खाली एक नाशिकसान नावाचं जोडपं होतं, एक साप्पोरोसान नावाचा जपानी विद्यार्थीही होता. "जुन्या शहरात दुकानांना मालकाच्या प्रांताचं नाव असायचं," ते सांगत. "माणूस कुठून आला ते कळलं की पुरतं. बाकीचं राहता राहता कळतं."

जुनं शहर म्हणजे हेच शहर, पण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं. ओयासानचा मुक्काम खरं तर तिथेच असे. त्यांच्या पणजोबांचे वडील त्या शहरात सुतार होते, आणि त्यांच्या तोंडच्या गोष्टी बापाकडून मुलाकडे, रंध्यासारख्या, हातोहात आल्या होत्या. ओयासान 'मागच्या आगीत' असं म्हणाले की ती आग एकोणिसाव्या शतकातली समजायची. मागच्या आगीत म्हणे नदीपलीकडचा सगळा भाग एका दुपारी गेला आणि तिसऱ्या दिवशी घरं उभी राहायला लागली. कारण शहाणे व्यापारी अख्ख्या घराचं लाकूड आधीच मापात कापून, खाचा पाडून, पाण्यात बुडवून ठेवत. आग विझली की लाकूड बाहेर काढायचं, खांबांवर लिहिलेली अक्षरं बघायची, आणि जुळवायचं.

"म्हणजे तुमच्या त्या रेडीमेड फर्निचरसारखं," माझा मित्र एकदा म्हणाला.

"त्याचा एक स्क्रू नेहमी कमी असतो," ओयासान म्हणाले.

हेच पूर्वज पुढे योकोहामाला गेले. बंदर नुकतं उघडलं होतं, परदेशी व्यापाऱ्यांना घरं हवी होती आणि सुतारांना कधी न पाहिलेल्या गोष्टी बनवायला सांगत होते. बिजागरीवर उघडणारं दार. काचेची खिडकी. आणि सगळ्यात कहर म्हणजे लाकडी घराच्या पोटात विटांची चूल आणि तिचं धुराडं छपरातून बाहेर. "आगीला घरात घेऊन तिच्यासाठी वेगळी वाट बांधायची! आमचा म्हातारा आठ दिवस हसत होता," ओयासान सांगत, आणि स्वतःही हसत. दीडशे वर्षांपूर्वीचा विनोद, पण त्यांच्या घरात तो अजून ताजा होता.

ही व्याख्यानं कचऱ्याच्या कोपऱ्याशी चालत. सकाळी कचरा टाकायला गेलं की ओयासान तिथे उभे. जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या. आम्ही भारतीय लोक पिशव्या घेऊन गेलो की ते पिशवी उचलून वजनावरूनच सांगत, "यात बरणीचं झाकण आहे." आणि असायचं. फक्त एकदा ते अडले. नाशिकसानच्या पिशवीत नारळाची करवंटी निघाली. जळणारी की न जळणारी? ते बराच वेळ ती हातात फिरवत उभे राहिले, टकटक वाजवून पाहिली आणि म्हणाले, "ही कचराच नाही." दोन दिवसांनी तिची मूठ लावलेली पळी होऊन परत आली. मग सगळी चाळ करवंट्या त्यांच्या दाराशी ठेवू लागली. आमच्याकडे अजून चार पळ्या आहेत, एक मोडकी.

व्याख्यान चालू असताना आम्ही सगळे ऑफिसच्या घाईत असू. "हो का? अरे वा!" असं म्हणत माणूस जसा घड्याळाकडे बघतो तसं बघत असू. त्यातलं एक व्याख्यान फार ठरलेलं होतं. जुन्या शहरात ओयासान म्हणजे काय, हे. जमीन एकाची असे, तो बहुधा लांब कुठेतरी राहणारा. चाळ सांभाळायला तो एक माणूस नेमी, तो ओयासान. त्याला चाळीतच राहायला जागा. पण भाडेकरूचं लग्न ठरलं, बाळंतपण आलं, भांडण कचेरीत गेलं, मयत झाली, की कचेरीत ओयासाननं जातीनं उभं राहायचं. त्याच्या शिक्क्याशिवाय पान हलत नसे. "ओयासान म्हणजे बाप. भाडेकरू म्हणजे मूल," ही म्हण सांगून व्याख्यान संपे. हे मी शंभर वेळा तरी ऐकलं असेन. ऐकलं म्हणजे कानावर पडलं.

आमची खोली वरच्या मजल्यावरची टोकाची. ती सात महिने रिकामी होती, हे मला नंतर कळलं, आणि का, ते माझी आई आल्यावर.

बायकोला दिवस गेले होते आणि आई बाळंतपणासाठी पुण्याहून आली. आल्या आल्या तिनं फोनमधलं होकायंत्र काढायला लावलं, खोलीत चारही बाजूंना फिरली आणि हात जोडून म्हणाली, "अरे, अख्ख्या बिल्डिंगची ईशान्य तुमच्या वाट्याला आलीय. देवाची दिशा! किती चांगला माणूस म्हणायचा हा, आपली सोडून तुम्हाला दिली."

आता जपानी सुताराच्या हिशेबात ईशान्य म्हणजे भुतांचं दार. तिथून नको ते आत येतं. तिथे दार काढायचं नाही, न्हाणीघर करायचं नाही, काटेरी झाड लावायचं आणि मीठ ठेवायचं. म्हणून ती खोली जपानी माणूस घेत नव्हता. ओयासाननी तो कोपरा बांधतानाच तिरका कापला होता आणि आमच्या दाराबाहेर, गॅलरीच्या टोकाला, एका पांढऱ्या बशीत ते मिठाचा छोटा डोंगर करून ठेवत. दर एक आणि पंधरा तारखेला, पहाटे, गुपचूप. आम्हाला भीती वाटू नये म्हणून त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं.

आईला ती बशी दिसली. तिला वाटलं, घरमालक भाडेकरूला मीठ देतो, इथली पद्धत असेल. नव्या घरात आधी मीठ न्यावं, हे तिलाही माहीत होतंच. तिनं मीठ बरणीत ओतलं, बशी धुऊन, पुसून जागेवर ठेवली. "किती व्यवस्थित," ती मला फोनवरून पुण्यातल्या मावशीला सांगताना ऐकू आली, "पंधरा दिवसांचं मीठ मोजून देतात गं."

इकडे पंधरा तारखेला ओयासान येऊन बघतात तो बशी रिकामी. नुसती रिकामी नाही, चकचकीत. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. भूत साधंसुधं दिसत नव्हतं. घरात बाळंतपण होणार, म्हणून त्यांनी डोंगर दुप्पट केला. एक तारखेला तोही चाटूनपुसून साफ. त्यांनी तिप्पट केला. आई म्हणाली, "बघ, मी आल्याचं कळलं वाटतं त्यांना."

एवढ्या मिठाचं करायचं काय, म्हणून तिनं लिंबाचं लोणचं घातलं. गॅलरीत उन्हात बरणी ठेवली, मुरल्यावर वाटीभर ओयासानना नेऊन दिलं. त्यांनी ते भाताबरोबर खाल्लं आणि रिकामी वाटी घेऊन स्वतः वर आले, आणखी मागायला. मी घरी होतो. त्यांनी विचारलं, यात काय काय घालतात? मी आईला विचारून सांगत गेलो. लिंबू, तिखट, मेथ्या, हळद.

"आणि मीठ त्यांचंच आहे म्हणावं," आई कौतुकानं म्हणाली. "दर पंधरवड्याचं, गॅलरीतलं."

मी ते सांगितलं आणि सांगता सांगताच माझ्या काहीतरी लक्षात यायला लागलं, कारण ओयासानच्या चेहऱ्याचा रंग बदलत होता. त्यांनी बशीकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग खिशातली घडीची पट्टी काढून आमच्या दाराची चौकट मोजायला घेतली. ही त्यांची सवय. मन ठिकाणावर नसलं की हाताशी असेल ते मोजायचे, आणि मोजलेली प्रत्येक गोष्ट त्यांना कमीच भरायची.

"दीड मिलिमीटर कमी," ते म्हणाले. मग पट्टी मिटून, "म्हणजे दोन महिन्यांची सगळी भुतं मी भाताबरोबर खाल्ली."

"काय म्हणतायत?" आईनं विचारलं. मी सांगितलं. तिचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! विचार त्यांना, पोट बरं आहे ना?"

पोट उत्तम होतं. दुसऱ्या दिवशी ते रंधा घेऊन आले आणि त्या तिरक्या कोपऱ्यात, एकही खिळा न मारता, देवांसाठी फळी बसवून दिली. वर आमचे देव, खाली त्यांची मिठाची बशी. "देवाचा डोळा लागला तर मीठ जागं असेल," ते म्हणाले. आईनं फळीला हळदकुंकू लावलं. बशीला नको म्हणत असताना बशीलाही लावलं. तेव्हापासून मीठ बदलायला ते आत येऊ लागले, चपला काढून, आणि जाताना एक लोणच्याची फोड.

मुलगी तीन आठवडे आधी झाली. मी कामासाठी ओसाकाला होतो. शेवटची गाडी गाठून मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, त्यामुळे हे मला बायकोनं सांगितलेलं. टॅक्सीत ती, आई आणि ओयासान. आई मराठीत धीर देतेय, ते जपानीत. हॉस्पिटलात भरती करताना एक फॉर्म. त्यात जामीन राहणाऱ्याचं नाव हवं आणि पुढे रकाना, 'रुग्णाशी नातं'. ओयासाननी त्यात लिहिलं, ओयासान.

तिथली मुलगी नम्रपणे म्हणाली, "इथे नातेवाईक लागतो."

"ओयासान म्हणजे बाप," ते म्हणाले. "भाडेकरू म्हणजे मूल. जुन्या शहरात बाळंतपण असो, मयत असो, ओयासानच्या शिक्क्याशिवाय पान हलत नव्हतं. लिहून घ्या."

"पण आजोबा, आता ते शहर..."

"शहर तेच आहे. लिहून घ्या." आणि ते समोरच्या बाकावर बसले, पट्टी काढली आणि बाक मोजायला लागले. बायको म्हणते, कळा चालू असतानाही तिला हसू आलं. मागे रांग वाढत गेली. शेवटी त्या मुलीनं आतून कुणालातरी विचारलं आणि लिहून घेतलं. मग सहा तास ओयासान त्या बाकावरून हलले नाहीत. नर्सनं बाहेर येऊन, "अभिनंदन, आजोबा झालात," म्हटलं, तेव्हा त्यांनी तिला दुरुस्त केलं. "आजोबा नाही. ओयासान."

ती मुलगी त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. आमच्याशी मराठीत बोलायला तिला कंटाळा, ओयासानशी मात्र दिवसभर बडबड. परिणाम असा की तिच्या शाळेतल्या बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. जपानी तिचं उत्तम आहे, त्या म्हणाल्या, पण ती जुन्या काळच्या सुतारासारखी बोलते. वर्गातल्या एका मुलाला तिनं 'ओल्या लाकडा' म्हटलं होतं. मी घरी येऊन ओयासानना सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले, "तो मुलगा आहे का तसा?"

कंपनीनं दिलेल्या तीन वर्षांची आठ वर्षं झाली. मग एक दिवस चाळीतल्या सगळ्यांना छापील पत्र आलं. जागा विकली आहे, इमारत पाडून तिथे नऊ मजली होणार, अमुक महिन्यापर्यंत खोल्या रिकाम्या कराव्यात. पत्रावर ओयासानचं नाव नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही. कंपनीमार्फत विकली असेल, असं धरून चाललो. उलट बायकोला मी म्हटलंसुद्धा, "बरं झालं म्हाताऱ्याचं. आता आरामात राहतील."

ओयासान आरामात कसले! पुढचे चार महिने ते आम्हा पाच बिऱ्हाडांसाठी घरं शोधत फिरले. चेन्नईसानना योकोहामाला, ऑफिसजवळ. नाशिकसानना दोन लहान मुलं, म्हणून तळमजला. साप्पोरोसानचं शिक्षण संपून त्याला नोकरी लागली होती, तर त्याला स्वस्त खोली. एजंटांच्या ऑफिसात जाऊन बसायचे आणि कुणी दातांतून हवा आत ओढली की विचारायचे, "दात दुखतोय का?" आम्ही तोपर्यंत हिगाशी-कसाईला छोटा फ्लॅट विकत घ्यायचं ठरवलं होतं. तो बघायला तेही आले. होकायंत्र घेऊन सरळ ईशान्येच्या कोपऱ्यात गेले. आयुष्यभर ज्या कोपऱ्याला घाबरले, तिथे उजेड येतो की नाही, ते वाकून वाकून बघत होते. "देवांना चालेल," ते म्हणाले. "भिंत चार मिलिमीटर बाहेर आहे, पण देवांना चालेल."

सामान हलवायला आठवडा राहिला होता. एका संध्याकाळी बायको घरी आली ती पर्स न ठेवताच म्हणाली, "अहो, ओयासान स्टेशनजवळच्या त्या एजंटकडे बसले होते."

"असतील. साप्पोरोसानचं अजून फायनल नाही ना."

"त्याचं परवाच झालं. मी काचेतून बघितलं, तो एजंट मान तिरकी करत होता. ते स्वतःसाठी घर शोधतायत."

मी हसलोच. "त्यांची चाळ विकली, त्यांना पैसे मिळाले असतील, ते कशाला..."

"त्यांची होती का ती?" बायको म्हणाली.

ते व्याख्यान कचऱ्याच्या कोपऱ्यावरून उठून माझ्या डोक्यात आपोआप सुरू झालं. जमीन एकाची. चाळ सांभाळायला तो एक माणूस नेमी. त्याला चाळीतच राहायला जागा. आठ वर्षं माणूस आपलीच हकिगत सांगत होता आणि आम्ही इतिहास समजून हो-हो करत होतो. मला स्वतःची इतकी लाज क्वचित वाटली असेल.

मी खाली गेलो. ते दारात करवंटी घासत बसले होते. विचारल्यावर त्यांनी काही लपवलं नाही. जमीन आणि चाळ शेजारच्याच एका जुन्या घराण्याची, ज्यांची इथे पूर्वी कमळाच्या मुळांची शेती होती. त्या घरच्या म्हाताऱ्यानं ओयासानकडून चाळ बांधून घेतली आणि म्हणाला, तूच सांभाळ, हयात असेपर्यंत खाली राहा. शब्दावर झालेलं काम. म्हातारा गेला, त्याचा मुलगा गेला, नातू दूर कुठेतरी नोकरीला. त्याला हा शब्द ठाऊकही नव्हता.

"तुम्ही त्याला सांगितलं का नाही?"

"शब्द त्याच्या आजोबांचा होता. त्याच्याकडून कसा मागणार?"

"मग आमच्यासाठी आधी कशाला फिरलात? आधी आपलं बघायचं!"

ते माझ्याकडे, मी लॅपटॉप म्हटलं होतं तेव्हा पाहिलं होतं, तसंच बघायला लागले. "ओयासान आहे मी," ते म्हणाले. "आग लागली की ओयासान शेवटी निघतो."

दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसातून अर्धी रजा काढून त्यांच्याबरोबर फिरलो. वय चौऱ्याऐंशी, एकटा माणूस. पहिल्या ठिकाणी एजंटनं चहा दिला, नकाशा ठेवला, मालकाला फोन केला. फोन ठेवला. दातांतून हवा आत ओढली. मान कलली. "जरा..."

मी तो आवाज आठ वर्षांनी ऐकत होतो. म्हातारा माणूस खोलीत एकटा असताना काही झालं तर, हे त्यात आलं. परदेशी माणसाला आणि म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणायला यांच्याकडे एकच हवा आहे, हे मला तेव्हा कळलं. ज्या माणसानं आम्हाला दारात उभं न ठेवता किल्ली दिली होती, तो टेबलासमोर टोपी हातात धरून बसला होता आणि म्हणत होता, "असू द्या, असू द्या." दुसरीकडे तेच. तिसरीकडे आणि चौथीकडेही तेच. मी कुणाचा दात दुखतोय का, हे विचारू शकलो नाही. मला राग आवरतच नव्हता.

आमच्याकडे या, असं बायकोनं आणि मी दोघांनी सांगून पाहिलं. ओयासान ऐकायला तयार नव्हते. मुलाच्या घरी बापानं राहावं, ते वेगळं. भाडेकरूच्या घरी ओयासाननं राहणं त्यांच्या कोणत्याच व्याख्यानात बसत नव्हतं.

शेवटी हिगाशी-कसाईतच, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्याची एक खोली मिळाली. तिथे ते पाच वर्षं राहिले. खोली नीटनेटकी, पण ईशान्येला न्हाणीघर. हे मी फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "शी! हे आपल्यातही चालत नाही." ओयासान आणि आई यांचं दिशांच्या बाबतीत त्या एकाच गोष्टीवर एकमत झालं. दर एक आणि पंधरा तारखेला आमची मुलगी तिथे जाऊन मिठाचा डोंगर करून येई आणि नंतर दोघं मिळून आमच्याकडची बशी बदलायला येत. अखेरच्या दिवसांत हॉस्पिटलचे कागद माझ्याकडेच आले, कारण जामीन मी होतो. पण मला त्यांची आठवण येते ती हॉस्पिटलची नाही. त्या खोलीचा अर्ज भरला त्या दुपारची येते.

एजंट एक तरुण मुलगी होती. खोलीचा मालक नाही म्हणाला नव्हता. जामीन असेल तर बघू, म्हणाला होता. तिनं फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, कंपनी लिहिली. पुढचा रकाना, 'अर्जदाराशी नातं'. मी लिहिलं, भाडेकरू.

"माफ करा," ती म्हणाली. "भाडेकरू हे होणार आहेत. इथे तुमचं नातं लिहायचंय."

"तेच लिहिलंय. मी यांचा भाडेकरू."

"होता, म्हणजे पूर्वी..." ती गोंधळली. "आपण 'मित्र' लिहू या का? किंवा नातेवाईक कुणी..."

मी ओयासानकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते. माझं जपानी ऑफिसचं, गुळगुळीत, सगळीकडे 'कृपया' लावलेलं. पण त्या दिवशी तोंडातून जे निघालं ते माझ्या मुलीचं जपानी होतं, म्हणजे सुताराचं.

"ओयासान म्हणजे बाप," मी म्हटलं. "भाडेकरू म्हणजे मूल. माझी मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलच्या फॉर्मवर यांची सही आहे. बाळंतपण असो, मयत असो, या दोघांच्या सहीशिवाय पान हलत नाही. लिहून घ्या."

"पण ही तर फार जुनी..."

"शहर तेच आहे. लिहून घ्या."

तिनं फोन उचलला. मालकाला सगळं जसंच्या तसं सांगितलं, ओयासान, भाडेकरू, हॉस्पिटल. मी तिच्या दातांकडे बघत होतो. तिनं फोन ठेवला आणि मान ताठ ठेवून म्हणाली, "चालेल म्हणालेत."

ओयासाननी खिशातून घडीची पट्टी काढून टेबल मोजायला घेतलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. "दोन मिलिमीटर कमी," ते म्हणाले. पुन्हा मोजलं आणि पुन्हा तेच म्हणाले. ती मुलगी घाबरून टेबलाकडे बघायला लागली. ते तिसऱ्यांदा मोजू लागले, तेव्हा मी त्यांच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि पेन दिलं. त्यांची सही अजून राहिली होती.